अंगठ्याखालचा घट्टा

माझ्या बाबांनी आयुष्यात एकही शिकार केली नाही. ससासुद्धा नाही. घरात उंदीर निघाला तर तो आईने मारायचा आणि बाबांनी शेपटीला धरून लांब टाकून यायचं, असा त्या दोघांचा करार होता. तरी शिकारीच्या गुन्ह्यासाठी ते चार महिने तुरुंगात बसून आले, आणि निकालाच्या कागदावर त्यांच्या नावापुढे ‘कुत्र्यांच्या साहाय्याने शिकार करणारा’ असं लिहिलेलं आहे. तो कागद त्यांनी शिलाई मशीनच्या खणात, बॉबिनच्या डबीखाली, चार घड्या घालून ठेवला होता. लोक असले कागद जाळून टाकतात. माझे बाबा तो आठ-पंधरा दिवसांनी काढून वाचायचे.

बाबा टेलर. घराची पुढची खोली हेच दुकान. दोन मशिनी, कापायचं एक टेबल, इस्त्री, आणि भिंतीवर खुंट्यांना लटकलेले शाळेचे गणवेश. लहानपणच्या तापात त्यांचा उजवा पाय वाळला होता, तो डाव्यापेक्षा दोन इंच आखूड. मशीन ते एकट्या डाव्या पायाने चालवायचे आणि दोन पायांच्या माणसाला लाजवायचे. शाळेचे शर्ट ही त्यांची खासियत. प्रत्येक शर्टाच्या काखेत ते कापडाचा एक तिकोनी तुकडा बसवायचे, त्याला कळी म्हणतात. बाकीचे टेलर एवढी उस्तवार करत नाहीत. बाबा म्हणायचे, “पोरं वर्गात हात वर करत नाहीत ती उत्तर येत नाही म्हणून नव्हे. हात वर केला की शर्ट चड्डीतून बाहेर येतो म्हणून.” आई म्हणायची, “गावातल्या सगळ्या पोरांच्या काखांची काळजी आहे. बायकोची उसवलेली बाही महिनाभर खुंटीला लटकतेय, तिची नाही.”

दुसरं काम दुकानाच्या पाटीवर लिहिलेलं नव्हतं.

रानडुकराच्या शिकारीवर बंदी येऊन बरीच वर्षं झाली होती. बंदीमुळे शिकार थांबली नाही, तिच्याबद्दलचं बोलणं तेवढं थांबलं. आमच्या गावात आठ-नऊ जण शिकारी कुत्री पाळून होते. लांब पायांची, पोटं आत गेलेली, भुंकायचं विसरलेली कुत्री. डुक्कर अंगावर आलं की सुळ्याने कुत्र्याची छाती फाडतं, म्हणून त्यांना ताडपत्रीचं दुहेरी जाकीट लागतं, आत जुन्या ब्लँकेटचा थर. ते मापात नसलं तर पुढच्या पायाच्या काखेत घासतं, कातडी सोलते, आणि ऐन वेळी कुत्रं थांबतं. बाबांनी त्या जाकिटाच्या काखेतही कळी घातली. तेव्हापासून त्या लोकांना बाबांशिवाय कुणाचं शिवलेलं चालेना.

दुपारी बाजार झोपला की एकेक जण कुत्रं घेऊन मागच्या दाराने यायचा. बाबा गळ्यातली टेप काढून खाली बसायचे आणि म्हणायचे, “हात!” पहिल्यांदा कुत्रं नुसतं बघायचं. मग बाबा त्याचा पुढचा पाय हलकेच उचलून काखेत टेप सरकवायचे. दोन वेळा माप झालं की तिसऱ्या वेळी सांगावं लागायचं नाही, बाबा दिसले की कुत्रं आपणहून पाय वर धरायचं. बाबा त्या कुत्र्यांशी जेवढं गोड बोलायचे तेवढं माझ्याशी बोलले असते तर मी आज जरा वेगळी झाले असते, असं मला कधी कधी वाटतं.

ह्या लोकांचे नियम बाबांनी मला सांगितले तेव्हा मी पंधरा वर्षांची होते. आवाज खाली आणून सांगितले, जणू खुंटीवरचे गणवेश ऐकत होते. पहिला नियम, गावात ओळख द्यायची नाही. समोरासमोर आले तरी बघितलं न बघितलं करायचं. दुसरा, रानात कुणाचं नाव घ्यायचं नाही. ज्याचं जे कुत्रं, तेच त्याचं नाव. काजळ नावाची कुत्री असेल तर मालकही काजळ. आणि परगावचा कोणी शिकारी भेटला तर ओळखायचं कसं? डावा हात बघायचा. दोराचा फास मनगटात असतो, दोर अंगठ्याखालून जातो, कुत्रं हिसडे मारतं, आणि वर्षानुवर्षांनी तिथे घट्टा पडतो. “चहाच्या टपरीवर कपाला हात घातला की कळतं बघ,” बाबा म्हणाले. “एक शब्द बोलावा लागत नाही. असा दोस्ताना दुसरीकडे कुठे सापडणार नाही.”

“तुमचं काय नाव आहे त्यांच्यात?” मी विचारलं.

बाबांना कुत्रं नव्हतं. म्हणून नावही नव्हतं. “मिळेल,” ते म्हणाले. “एकदा दोर हातात धरून सोडला की मिळतं.”

त्यांचा म्होरक्या औषधाच्या दुकानाचा मालक होता. पांढरा शर्ट, नाकावर घसरलेला चष्मा, म्हाताऱ्यांना गोळ्या कधी घ्यायच्या ते तीन-तीनदा समजावून सांगणारा. त्याच्याकडे बघून कुणाला वाटलं नसतं की हा माणूस रविवारी चिखलात उभा राहून डुकराच्या नरड्यात सुरी घालतो. त्याच्या कुत्र्याचं नाव भाला. भालाचं जाकीट न्यायला आला की तो दर वेळी बाबांच्या पाठीवर हात ठेवून म्हणायचा, “मास्तर, तुम्ही आपलेच. पुढच्या हंगामात भालाचा दोर तुमच्या हातात. सोडणाऱ्याला कुठे पळावं लागतं? उभं राहायचं, वेळ आली की फास सैल करायचा. पायाचा काही संबंधच नाही.”

बाबा त्यांच्याकडून शिलाई घेत नसत. आपल्याच माणसांकडून कशी घ्यायची?

असे सात हंगाम गेले. कोपराला लावलेला गूळ चाटता येत नाही हे शेंबड्या पोरालाही कळतं, पण माझ्या बाबांना कळलं नाही, किंवा कळून घ्यायचं नव्हतं. एकदा शाळा लवकर सुटली म्हणून मी मागच्या दाराने आत आले, तर बाबा स्टुलावर बसून डाव्या मनगटात सुतळीचा फास घालून, दुसरं टोक टेबलाच्या पायाला बांधून, जोरजोरात हिसडे देत होते. कपाळावर घाम. मला बघून थांबले.

“हात तयार करतोय,” ते म्हणाले. “आयत्या वेळी सटकायला नको.”

मी हसले. फार हसले. अजूनही ते हसू आठवलं की मला माझीच चीड येते. बाबांनी सुतळी गुंडाळून खणात ठेवली. वर्षभरात त्यांच्या डाव्या अंगठ्याखाली घट्टा पडला. चांगला जाड, पिवळट, अस्सल शिकाऱ्याला शोभेल असा.

मग काजळ कुत्री मेली. शिकारीत डुकराने तिचा गळा फाडला, आणि तेवढ्यात वनखात्याच्या माणसांच्या शिट्ट्या ऐकू आल्या. मेलेल्या कुत्र्याचं जाकीट काढून आणायचं, हाही एक नियम होता. पण जीव घेऊन पळताना नियम कोण पाळतो? काजळ जाकिटासकट ओढ्यात राहिली.

चार दिवसांनी भर सकाळी एक वनअधिकारी आमच्या दुकानात आला. मी शेजारच्या मशीनवर काज करत होते. त्याने पिशवीतून जाकीट काढलं, उलटं केलं आणि टेबलावर पसरलं. मग खुंटीवरचा एक गणवेश काढून त्याची बाही बाजूला ठेवली. दोन्हीच्या काखेत तीच कळी, तीच दुहेरी टीप, टोकाला तोच उलटा टाका.

“माझा मुलगा तुमचाच शर्ट घालतो, मास्तर,” तो म्हणाला. “काल दोरीवर वाळत होता. म्हणून कळलं.”

बाबा कधी वाईट शिवू शकले नाहीत. चोरीच्या कामात तरी जरा वाकडं शिवावं, एवढी अक्कल देवाने त्यांना दिली नव्हती.

अधिकारी माणूस बरा होता. त्याने स्टूल ओढलं, पाणी मागितलं, आणि पळवाट स्वतःच दाखवली. “हे बघा, तुम्ही टेलर. गिऱ्हाईक माप देतं, तुम्ही शिवता. त्यात गुन्हा नाही. कोणी शिवायला दिलं तेवढं सांगा, मी उठतो.”

“नाही आठवत,” बाबा म्हणाले.

“मास्तर, कशाला उगाच?” तो पाण्याचा पेला घ्यायला पुढे झाला, आणि पेला देणारा बाबांचा डावा हात त्याने बघितला. पेला तसाच राहिला. त्याने हात धरून उलटा केला आणि अंगठ्याखाली बोटाने दाबून पाहिलं. इतक्या वर्षांच्या नोकरीत असे हात त्याने पुष्कळ पाहिले असणार.

“तुम्हीही जाता?” त्याने विचारलं.

मी मशीन थांबवली. नाही म्हणा, मी मनात म्हटलं. पाय दाखवा आणि नाही म्हणा.

बाबा ताठ बसले. मी त्यांना एवढं ताठ बसलेलं कधी पाहिलं नव्हतं. “हो,” ते म्हणाले. “जातो.”

“कुणाबरोबर?”

“एकटाच.”

अधिकाऱ्याने त्यांच्या पायाकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि सुस्कारा टाकून वही काढली. त्याने तरी काय करायचं? माणूस स्वतःच्या तोंडाने कबूल करतोय, हातावर खूण आहे, घरात शिवलेलं जाकीट आहे. मला त्याच्याबद्दल काही म्हणायचं नाही. बाबांना तो प्रश्न विचारणारा जगात तो पहिला माणूस होता, त्याला ते नाही कसं म्हणणार होते?

शेजारीपाजारी म्हणाले, चोर सोडून संन्याशाला फाशी. आई म्हणाली, “संन्याशाने स्वतः मान पुढे केली, त्याला फासवाला काय करील?”

ते चार महिने मी काढले. मी म्हणजे मी आणि डावी मशीन. शाळेने गणवेशाचं काम काढून घेतलं, मग मी उसवलेलं शिवलं, चेन बदलल्या, उश्यांचे अभ्रे शिवले. मागच्या दारावर कुणी टकटक केली नाही. आठ-नऊ माणसं, आठ-नऊ कुत्री, सात हंगाम. रस्त्यात ओळख द्यायची नाही हे मान्य, पण मागचं दार तर त्यांचंच होतं ना? आई रक्तदाबाच्या गोळ्या आणायला औषधवाल्याकडे गेली. दुकानात दुसरं कुणी नव्हतं. ती मुद्दाम उभी राहिली. तिला वाटलं, काही नाही तर ‘मास्तर कसे आहेत’ एवढं तरी विचारील. ती घरी आली आणि चपला न काढताच खाली बसली.

“काय म्हणाला?” मी विचारलं.

“पिशवी हवी का, म्हणाला.”

बाबा सुटून आले तेव्हा वाळून अर्धे झाले होते. उंबऱ्यातच त्यांनी विचारलं, “कुणी आलं होतं?”

“नाही.”

“बरोबर.” त्यांनी मान हलवली. “पकडलेल्या माणसाला एक हंगाम शिवायचं नाही. त्याच्यावर पाळत असते. नियम आहे तो.” आणि ते खरंच खूष दिसले. आपल्यालाही तो नियम लागू झाला म्हणून.

एक हंगाम गेला. दुसरा गेला. तिसरा लागला. बाबांनी मागच्या दाराची कडी दुपारी कधी घातली नाही. घट्टा नरम पडायला लागला तसा खणातून सुतळी पुन्हा बाहेर आली. मी आता हसत नव्हते, ओरडत होते. “कामापुरते मामा होतात तुम्ही त्यांचे! काम संपलं, मामा संपला!” बाबा म्हणायचे, “तुला नाही कळायचं. मी एक नाव घेतलं असतं तर आज ते कुठे असते? ते विसरतील का हे?” त्यांना बाकी काही नको होतं. त्या आठ-नऊ जणांपैकी एकाने एकदा यावं, दोर हातात द्यावा, एवढंच. आणि मला हवं होतं की ही आशा एकदाची मरावी, म्हणजे माझा बाप तरी मला परत मिळेल.

तिसऱ्या हंगामाच्या तोंडाशी आम्ही दोघं बाजारातून सुया घेऊन येत होतो. दुपारची वेळ, दुकानांची शटर अर्धी खाली. समोरून औषधवाला आला, हातात भालाचा दोर. बाबांनी नियमाप्रमाणे नजर बाजूला केली. त्यानेही केली. पण कुत्र्याला नियम कोण सांगणार? भाला बाबांच्या पुढ्यात येऊन थांबला आणि त्याने उजवा पुढचा पाय वर उचलून धरला. मापासाठी. तीन वर्षांनंतर.

औषधवाल्याने दोर ओढला. भाला हलला नाही. पाय तसाच वर. भाजीवाली बघत होती, सायकलवाला थांबून बघत होता.

“काय हो,” औषधवाला मोठ्याने म्हणाला, “तुम्ही ह्याला काही खायला घालता काय? ओळख ना पाळख, आणि हा पाय काय देतोय तुम्हाला!”

माझ्या तोंडात शिवी आली होती. बाबांनी माझा दंड धरला. मग ते हळूच वाकले, भालाचा पाय दोन बोटांनी धरून खाली जमिनीवर ठेवला आणि म्हणाले, “नाही साहेब. चुकला असेल. दुसरं कुणी वाटलं असेल त्याला.”

घरापर्यंत ते खाली बघत चालले. मला वाटलं, झालं, आता उमगलं. आत आल्यावर त्यांनी खाकी कागद टेबलावर अंथरला आणि खडू घेतला.

“काखेत सोललंय त्याच्या,” ते म्हणाले. “पाय वर केला तेव्हा बघितलं मी. रुपयाएवढं लाल झालंय. पुलाजवळच्या सीट कव्हरवाल्याकडून शिवून घेतायत. आपली सोडली तर ताडपत्री घेणारी मशीन गावात त्याच्याशिवाय कुणाकडे नाही. त्याने कळी घातलेली नाही, नुसता गोल कापलाय.” त्यांनी कळी आखली, शिलाईसाठी अर्धा इंच सोडला, कापली, बाण काढून दाखवलं कुठे जोडायची. “एवढं त्याला नेऊन दे. माझं नाव घेऊ नकोस.”

“त्यांनी दुसरा टेलर बघितला, बाबा. कळतंय ना तुम्हाला? तीन वर्षं ते येतायत-जातायत, शिवून घेतायत.”

“कुत्र्याला लागतंय,” बाबा म्हणाले.

मी गेले. का गेले ते सांगता येणार नाही. कागद पिशवीत टाकला आणि पूल गाठला. सीट कव्हरवाला रेक्झिनच्या ढिगात बसला होता, चाळिशीचा, जाड भिंगांचा चष्मा, त्यातूनही त्याला धड दिसत नसावं. टेबलाखाली ताडपत्रीचं एक जाकीट होतं, ते त्याने मला बघून पायाने आत सारलं. मी ते बघितलं, पण मला दिसत होतं दुसरंच. टेबलाच्या पायाला एक सुतळी बांधलेली होती. तिच्या टोकाला फास होता. आणि त्याच्या डाव्या अंगठ्याखाली कातडी लालबुंद झाली होती, अजून घट्टा न धरलेली.

“हाताला काय झालं?” मी विचारलं.

त्याने बाहेर बघितलं, मग माझ्याकडे. सांगायला तो उतू जात होता. “तुम्ही मास्तरांची मुलगी ना? म्हणून सांगतो, कुठे बोलू नका. पुढच्या हंगामात भालाचा दोर माझ्या हातात देणार आहेत. म्हणाले, तुम्ही आपलेच. सोडणाऱ्याला कुठे लांबचं दिसावं लागतं?” मग आवाजात दया आणून म्हणाला, “तुमच्या वडिलांना ते कधी जमलं नाही, नाही का? पायामुळे असेल.”

मी वळले आणि चालू लागले. पूल कधी संपला ते कळलं नाही. सगळं अंग पेटलं होतं, आणि खरं सांगायचं तर त्यात थोडा आनंदही होता. हातात पुरावाच मिळाला होता.

बाबा मशीनवर बसले होते. मी उंबऱ्यातूनच सगळं सांगितलं. सुतळी, फास, लाल अंगठा, पुढचा हंगाम, तुम्ही आपलेच. शब्द न् शब्द. बाबांच्या पायाबद्दल तो बोलला त्या वाक्यासकट. आई स्वयंपाकघरातून बाहेर आली आणि मला म्हणाली, “पुरे आता.” पण मी थांबले नाही.

बाबा ऐकत राहिले. मग त्यांनी डावा हात पालथा केला, सुलटा केला आणि अंगठ्याखालचा घट्टा उजव्या बोटाने हळूहळू चोळला. डाग पुसून काढावा तसा. खूप वेळ चोळला. त्यांचे डोळे भरून आले, पण पाणी खाली आलं नाही. मला वाटलं होतं तसं मला काहीच परत मिळालं नाही. समोर एक म्हातारा टेलर बसला होता, आणि त्याच्याकडे आता वाट बघण्यासारखंही काही राहिलं नव्हतं.

“बरं,” ते शेवटी म्हणाले. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. “पण काखेचं सांगितलंस ना त्याला? अर्धा इंच सोडायचा ते?”

“सांगितलं,” मी म्हणाले.

“मग ठीक आहे,” बाबा म्हणाले, आणि त्यांनी मशीनचं चाक फिरवलं. कागद माझ्या पिशवीतच होता. त्या हंगामातही भाला ते घासणारं जाकीट घालूनच धावला असणार.